छोट्या उपग्रहातले लोखंड : एस्टक्यूब-1 च्या फिरकीचे प्रकरण

7 मे 2013 रोजी फ्रेंच गयानातील कौरू येथून व्हेगा अग्निबाणाच्या दुसऱ्या उड्डाणात तीन उपग्रह सोडण्यात आले. मुख्य उपग्रह युरोपीय अवकाश संस्थेचा प्रोबा-व्ही होता, दुसरा व्हिएतनामचा व्हीएनआरईडीसॅट-1 होता आणि तिसरा होता एस्टक्यूब-1, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा, सुमारे एक किलो वजनाचा एक घन. जेमतेम तेरा लाख लोकवस्तीच्या एस्टोनियाचा हा पहिला उपग्रह होता. टार्टू विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तो बांधला होता आणि जमिनीपासून सुमारे 670 किलोमीटर उंचीच्या, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत तो पोहोचला.

विद्यार्थ्यांच्या उपग्रहांकडून सहसा दोन-चार छायाचित्रे आणि रेडिओचे संदेश एवढीच अपेक्षा ठेवली जाते. एस्टक्यूब-1 ची महत्त्वाकांक्षा त्याहून बरीच मोठी होती. फिनलंडच्या हवामान संस्थेतील पेक्का यानहुनेन यांनी मांडलेल्या ‘विद्युत शिडा’च्या कल्पनेची पहिली चाचणी त्याला कक्षेत घ्यायची होती. सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोतात उच्च विद्युत दाब (विभव) दिलेली लांबलचक बारीक तार धरली, तर त्या कणांचा रेटा तारेवर पडतो आणि इंधनाशिवाय यान ढकलले जाते, अशी ही कल्पना आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत सौर वारा पोहोचत नाही. तेथे आयनांबरात विरळ प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू असतो आणि उपग्रह त्यातून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जात असतो, त्यामुळे भारित तारेवर तशाच स्वरूपाचे, अगदी क्षीण बल मिळायला हवे. ते मोजण्यासाठी एस्टक्यूब-1 मध्ये केसाहून बारीक अॅल्युमिनियमच्या तारा एकमेकींना जोडून केलेली दहा मीटरची तार रिळावर गुंडाळून ठेवली होती.

असली तार मागून ढकलून बाहेर काढता येत नाही, तिला ओढ लागते. ही ओढ अपकेंद्री परिणामातून मिळवायची, म्हणजे उपग्रहाला स्वतःभोवती सेकंदाला एक पूर्ण फेरा, अर्थात 360 अंश, या वेगाने फिरवायचे आणि फिरकीचा अक्ष पृथ्वीच्या ध्रुवीय अक्षाशी समांतर ठेवायचा, असा बेत होता. या सगळ्यासाठी उपग्रहाकडे एकच साधन होते : परस्परांना काटकोनात बसवलेली तांब्याच्या तारेची तीन वेटोळी. वेटोळ्यातून प्रवाह सोडला की ते तात्पुरते चुंबक बनते, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू पाहते आणि त्याच्याबरोबर उपग्रहही वळतो.

कक्षेत घडले ते असे. उपग्रह फिरला, आणि बेताहून कितीतरी जास्त वेगाने फिरला. सेकंदाला 841 अंश, म्हणजे मिनिटाला सुमारे 140 फेरे एवढा वेग केवळ वेटोळ्यांच्या जोरावर गाठला गेला. मात्र फिरकीचा अक्ष हवा तेथे राहिला नाही. उपग्रहाच्या आतील लोहचुंबकीय पदार्थांमुळे तो स्वतःच एक चुंबक बनला होता आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेशी जुळवून घेण्याची त्याची ओढ नियंत्रणाच्या आड येत होती. पुढे तारेचे रीळही उलगडले नाही, त्यामुळे मूळ प्रयोग झाला नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रीळ न उलगडणे हा यंत्रभागाचा प्रश्न होता, त्याचे खापर चुंबकत्वावर फोडता येत नाही. प्रस्तुत लेखात फक्त फिरकीच्या अक्षाचा प्रश्न घेतला आहे, कारण तो जमिनीवर, उड्डाणाच्या कितीतरी आधी, आकड्यांत पकडता येण्याजोगा असतो.

जुनाच प्रश्न, नव्या आकारात

उपग्रहाचे स्वतःचे चुंबकत्व त्याचा अक्ष वळवते, ही गोष्ट 2013 मध्ये नवी नव्हती. 1 एप्रिल 1960 रोजी सोडलेला टायरॉस-1 हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह स्वतःभोवती फिरत ठेवून स्थिर केला होता आणि त्याचा अक्ष अवकाशात एकाच दिशेला राहील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो अक्ष दिवसेंदिवस सरकत गेला. गणित मांडल्यावर दिसले, की उपग्रहाचे चुंबकत्व आणि पृथ्वीचे क्षेत्र यांच्या ओढीतून हे घडते, आणि गुरुत्वाकर्षणातील फरकाचाही त्यात काही वाटा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या टायरॉस-2 मध्ये अभियंत्यांनी मुद्दाम एक वेटोळे बसवले आणि जो परिणाम अडचणीचा ठरला होता त्याच्याकडूनच अक्ष वळवण्याचे काम करून घेतले. आजच्या छोट्या उपग्रहांतील चुंबकीय नियंत्रणाची वंशावळ येथपर्यंत जाते.

मग पन्नास वर्षांनंतर हाच प्रश्न पुन्हा का उभा राहावा? माझ्या मते याचे मुख्य कारण आकारात आहे. एखाद्या वस्तूच्या सर्व बाजू दहापट लहान केल्या, तर तिच्यातील लोखंडाचे आकारमान आणि त्याबरोबर तिचे चुंबकीय परिबल, म्हणजे चुंबक म्हणून तिचे सामर्थ्य, साधारण हजारपट घटते. फिरवण्याला होणारा तिचा विरोध मात्र वस्तुमान आणि अंतराचा वर्ग या दोन्हींवर अवलंबून असल्याने एक लाखपट घटतो. दोहोंचे गुणोत्तर घेतले, तर लहान वस्तूवर चुंबकत्वाचा परिणाम शंभरपट वाढलेला असतो. एक मीटर बाजूच्या उपग्रहात ज्या पोलादी स्क्रूंकडे काणाडोळा करता येतो, तशाच प्रमाणातले स्क्रू दहा सेंटिमीटरच्या उपग्रहात त्याची दिशा ठरवू लागतात. छोटा उपग्रह सोपा असतो, ही समजूत या एका बाबतीत उलटी ठरते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ते एस्टक्यूब-1 च्या मोजणीतले नाहीत, त्या आकाराच्या उपग्रहाला लागू पडणारे, केवळ मान समजण्यासाठी घेतलेले आहेत. उपग्रहात राहून गेलेले चुंबकीय परिबल 0.05 अँपिअर-चौरस मीटर आणि कक्षेतील क्षेत्र 30 मायक्रोटेस्ला धरले, तर दोन्ही काटकोनात असताना मिळणारा टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, 1.5 मायक्रोन्यूटन-मीटर येतो. हा आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे, पण एक किलोच्या घनाचे फिरकीचे जडत्व, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, साधारण 0.002 किलोग्रॅम-चौरस मीटर असते. असा उपग्रह मोकळा सोडला तर तो होकायंत्राच्या सुईप्रमाणे क्षेत्राच्या दिशेभोवती सुमारे चार मिनिटांच्या आवर्तनकाळाने झुलत राहील. त्याला सेकंदाला दहा अंश इतकी फिरकी दिली, तर भोवऱ्याचा अक्ष जसा डुलत फिरतो तसा त्याचा अक्ष क्षेत्राच्या दिशेभोवती मिनिटाला पंधरा अंशांपर्यंत सरकेल. फिरकी 360 अंशांपर्यंत नेली की हे सरकणे छत्तीसपट मंदावून मिनिटाला सुमारे 0.4 अंश होते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चुंबकत्वाचा खरा उपद्रव फिरकीच्या सुरुवातीला होतो. वेग कमी असताना कोनीय संवेग, म्हणजे फिरकीचा साठलेला जोर, क्षुल्लक असतो, अक्षाला स्वतःची अशी पकड नसते आणि क्षेत्र त्याला आपल्याकडे वळवून घेते. नंतर वेग वाढवला तर तो त्या वळलेल्या अक्षाभोवतीच वाढतो. प्रचंड वेग आणि चुकीची दिशा या दोन्ही गोष्टी एकाच उपग्रहात एकत्र कशा आल्या, हे यावरून समजू शकते. फिरकीच्या अक्षाला काटकोनात असलेला चुंबकीय घटक प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत असल्याने त्याचा परिणाम सरासरीत जवळजवळ नाहीसा होतो. अक्षाच्या दिशेतला घटक मात्र प्रत्येक फेऱ्यात तोच राहतो आणि साठत जातो. म्हणून उपग्रहाचे परिबल किती आहे एवढे विचारून भागत नाही, ते कोणत्या दिशेला आहे हेही विचारावे लागते.

लोखंड येते कोठून

उपग्रहाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा असतो, विद्युत मंडळांच्या पाट्या काचतंतूंच्या असतात, सौर घट जर्मेनियमच्या पातळ चकत्यांवर घडवलेले असतात. कागदावर पाहिले तर लोखंड कोठेच दिसत नाही. प्रत्यक्षात ते अनेक चोरवाटांनी आत शिरते. लॅपटॉपमध्ये वापरल्या जाणाऱ्या दंडगोल लिथियम विद्युतघटांचे कवच निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते. ‘स्टेनलेस म्हणजे अचुंबकीय’ हा समज बाजारातल्या सर्वसाधारण 304 प्रतीच्या पोलादाबाबत अर्धाच खरा आहे, कारण ते थंड स्थितीत वाकवले, ओढले किंवा त्याला आटे पाडले की त्याच्या स्फटिकरचनेत बदल होऊन ते चुंबकाला चिकटू लागते. काही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे पाय कोव्हारचे असतात, आणि या मिश्रधातूत लोखंड, निकेल व कोबाल्ट हे तिन्ही असतात. कित्येक विद्यार्थी गट अँटेनासाठी सुताराच्या पोलादी मोजपट्टीचा तुकडा वापरतात, कारण तो गुंडाळून ठेवता येतो आणि सोडला की आपोआप ताठ होतो. ही युक्ती नामी असली तरी त्यामुळे उपग्रहाला एक लांब पोलादी पट्टी जोडली जाते आणि लांब पट्टी सहज चुंबकित होते.

प्रवाहाची वेटोळी हा वेगळा स्रोत आहे. सौर पॅनेलवरील घट जोडणाऱ्या तारांनी शंभर चौरस सेंटिमीटरचे क्षेत्र वेढले आणि त्यातून अर्धा अँपिअर प्रवाह गेला, तर 0.005 अँपिअर-चौरस मीटर परिबल तयार होते. परतीची तार घटांच्या मागून, त्याच मार्गाने नेली किंवा जोडीच्या तारांना पीळ दिला की हे बहुतांशी नाहीसे होते. हा उपाय आराखड्याच्या टप्प्यावर फुकट मिळतो आणि नंतर कोणत्याही किमतीला मिळत नाही.

वर सांगितलेले पदार्थ दोन प्रकारे वागतात आणि हा भेद मोजणीच्या मुळाशी आहे. काही पोलाद एकदा चुंबकित झाले की तसेच राहते. चुंबकित पेचकस, कंपनचाचणीच्या टेबलातील शक्तिशाली वेटोळे, ध्वनिक्षेपकाजवळ ठेवलेली पेटी, यांपैकी काहीही त्याला निमित्त होते. हे कायम चुंबकत्व उपग्रहाबरोबर फिरते. दुसऱ्या प्रकारातले लोखंड मऊ असते. त्याला स्वतःचे चुंबकत्व फारसे नसते, पण ज्या क्षेत्रात ते असेल त्या क्षेत्राच्या प्रभावाने ते तेवढ्यापुरते चुंबक बनते आणि क्षेत्र बदलले की तेही बदलते, तेसुद्धा थोडे मागे रेंगाळत.

विद्युतघटाचे पोलादी कवच या दुसऱ्या प्रकारात येते. पृथ्वीच्या क्षेत्रात एका घटामध्ये जागे होणारे परिबल, ढोबळ हिशेबाने, घटाच्या लांबीच्या दिशेने काही हजारांश अँपिअर-चौरस मीटर इतके निघते. एवढे चालवून घेता आले असते, पण घट एकटा नसतो, त्याच्या भोवती नियंत्रणाची वेटोळी असतात. नऊ सेंटिमीटर बाजूच्या, शंभर वेढ्यांच्या चौरस वेटोळ्यातून 0.1 अँपिअर प्रवाह सोडला तर वेटोळ्याचे परिबल सुमारे 0.08 येते, आणि त्याच्या मध्यभागी सुमारे 125 मायक्रोटेस्लाचे क्षेत्र तयार होते. कक्षेतील पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते चौपट आहे. म्हणजे वेटोळे सुरू केल्याबरोबर आतले घट पृथ्वीपेक्षा त्या वेटोळ्यामुळेच अधिक चुंबकित होतात. घट लांबट असल्याने त्यांचे चुंबकत्व त्यांच्या लांबीकडे झुकते आणि वेटोळ्याच्या अक्षाशी ते जुळेलच असे नाही. संगणकाने एका दिशेला परिबल मागितले, तर प्रत्यक्षात मिळणारे परिबल वेगळ्या मापाचे आणि किंचित वेगळ्या दिशेचे असते. नियंत्रणाच्या आज्ञावलीत वेटोळ्याचे वेढे, क्षेत्रफळ आणि प्रवाह यांचा गुणाकार शुद्ध मानून लिहिलेला असतो, त्यामुळे ही चूक तिला दिसतच नाही.

म्हणून माझे प्रतिपादन असे आहे, की सुटे वेटोळे टेबलावर ठेवून त्याची मोजणी करणे ही अर्धवट मोजणी होय. पूर्ण जुळवलेला, घट बसवलेला, कंपनचाचणी झालेला उपग्रह एक चुंबक म्हणून मोजला पाहिजे आणि वेटोळी चालू ठेवून पुन्हा मोजला पाहिजे.

मोजणी

मोजणीसाठी लागणारी साधने मोठ्या अवकाश केंद्रांतच असतात असे नाही. नॅनोटेस्लामध्ये वाचन देणारा फ्लक्सगेट प्रकारचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण), लाकडी किंवा अॅल्युमिनियमचे टेबल, हाताने फिरवता येणारी आणि कोनाच्या खुणा असलेली अचुंबकीय चकती आणि आजूबाजूला मोटारी, लोखंडी कपाटे, लिफ्ट नसलेली जागा एवढ्यावर सुरुवात होते. अडचण जागेचीच अधिक असते. पृथ्वीचे क्षेत्र टार्टूजवळ सुमारे 52,000 नॅनोटेस्ला आणि मुंबई-अलिबाग परिसरात सुमारे 43,000 नॅनोटेस्ला आहे. 0.05 अँपिअर-चौरस मीटरच्या उपग्रहाचे क्षेत्र त्याच्या चुंबकीय अक्षावर 40 सेंटिमीटर अंतरावर फक्त 156 नॅनोटेस्ला भरते आणि एक मीटरवर ते 10 वर येते, कारण हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते.

चुंबकीय शांततेची किंमत आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे दिसताच कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय मोजणी अलिबागला हलवण्यात आली. तेथील इमारत पोरबंदरच्या दगडात, लोखंड टाळून बांधली गेली आणि 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेऊन जुन्या नोंदींचा नव्यांशी सांधा जुळवण्यात आला. उपग्रहाची मोजणी करणाऱ्या गटाला इमारत बांधायची नसते, पण मोजणीची जागा आधी मोजावी हा धडा तोच आहे. उपग्रह न ठेवता तासभर वाचने घ्यावीत आणि ती किती हलतात ते पाहून मगच पुढे जावे.

156 नॅनोटेस्लाचा संकेत 43,000 च्या पार्श्वभूमीतून वेगळा काढण्याची सर्वांत साधी रीत उलटापालटीची आहे. उपग्रह चकतीवर ठेवून वाचन घ्यायचे, तो 180 अंश फिरवून पुन्हा वाचन घ्यायचे आणि फरकाच्या निम्मे करायचे. पृथ्वीचे क्षेत्र दोन्ही वाचनांत सारखेच असल्याने ते वजा होते, आणि उपग्रहाबरोबर फिरणारे कायम चुंबकत्व तेवढे उरते. मिनिटाभरात दोन्ही वाचने झाली तर पृथ्वीच्या क्षेत्रातील दिवसभराचे चढउतारही आड येत नाहीत. दोनच वाचनांवर थांबण्यापेक्षा दर तीस अंशांनी एक पूर्ण फेरा घ्यावा आणि त्या बारा वाचनांतून ज्या वक्र रेषेने बिंदू जोडले जातात तिची उंची व कला (ती कोणत्या कोनावर शिखर गाठते ते) काढावी, म्हणजे परिबलाचे माप आणि दिशा दोन्ही मिळतात. नंतर उपग्रह दुसऱ्या व तिसऱ्या बाजूवर आडवा करून हेच पुन्हा करावे. ज्यांच्याकडे दुसरा मॅग्नेटोमीटर आहे त्यांनी तो दोन-तीन मीटर लांब ठेवून दोन्ही वाचनांची वजाबाकी घ्यावी. रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची हालचाल मग बरीचशी पुसली जाते.

या रीतीत तीन ठिकाणी फसायला होते. पहिले ठिकाण अंतराचे आहे. परिबल काढताना अंतराचा घन येतो, त्यामुळे 40 सेंटिमीटरमध्ये एका सेंटिमीटरची चूक उत्तरात साडेसात टक्क्यांची चूक करते. त्यातही उपग्रहातले लोखंड बरोबर मध्यावर नसते, घट एका बाजूला असतात. म्हणून चकतीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंनी वाचने घेऊन सरासरी काढावी लागते. दुसरे ठिकाण जवळिकीचे आहे. संकेत मोठा मिळावा म्हणून मॅग्नेटोमीटर अगदी लगत नेला, तर सबंध उपग्रहाऐवजी जवळचा स्क्रू मोजला जातो. वस्तूच्या लांबीच्या निदान तिप्पट अंतर ठेवावे हा प्रघात त्यासाठी आहे.

तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे, आणि एस्टक्यूब-1 सारख्या प्रकरणात तेच कळीचे ठरते. मऊ लोखंडातील चुंबकत्व उपग्रहाबरोबर फिरत नाही, ते पृथ्वीच्या क्षेत्राला धरून राहते. उपग्रह 180 अंश फिरवला तरी ते जवळजवळ तसेच असते आणि वजाबाकीत पृथ्वीच्या क्षेत्रासोबत तेही निघून जाते. उलटापालटीच्या मोजणीत स्वच्छ ठरलेला उपग्रह कक्षेत अस्वच्छ वागू शकतो तो यामुळे. हा भाग पकडायचा तर बाहेरचे क्षेत्र आपल्या हातात पाहिजे. परस्परांना काटकोनात असलेल्या वेटोळ्यांच्या तीन जोड्यांचा मोठा पिंजरा करून त्यात उपग्रह ठेवतात. आधी पृथ्वीचे क्षेत्र प्रवाहाने रद्द करून शून्यात मोजणी करतात, मग एकेका अक्षावर कक्षेइतके, म्हणजे उणे 50 ते अधिक 50 मायक्रोटेस्लापर्यंतचे क्षेत्र चढउतार करत देतात आणि प्रत्येक पायरीवर उपग्रहाचे परिबल नोंदवतात. मिळालेला आलेख सरळ रेषेचा असेल तर तिचा चढ मऊ लोखंडाचे माप देतो. आलेख बंद फासासारखा उघडला तर हिस्टेरिसिस आहे, अर्थात चुंबकत्व क्षेत्राच्या मागे रेंगाळते, म्हणजे फिरणाऱ्या उपग्रहात प्रत्येक फेऱ्याला ऊर्जा खर्ची पडणार आणि फिरकी हळूहळू मंदावणार.

यानंतर वेटोळ्यांची पाळी येते. शून्य क्षेत्रात ठेवलेल्या उपग्रहाला स्वतःच्या संगणकाकडून एकेका अक्षावर परिबलाची आज्ञा द्यावी आणि बाहेरून मोजलेले परिबल तिन्ही घटकांसह लिहून ठेवावे. तीन आज्ञा आणि प्रत्येकी तीन घटक अशा नऊ आकड्यांचे कोष्टक तयार होते. कर्णावरचे आकडे अपेक्षेपेक्षा किती वेगळे आहेत आणि कर्णाबाहेरचे आकडे शून्यापासून किती दूर आहेत, यात आतल्या पोलादाची सगळी करामत उघडी पडते. हे कोष्टक उलटे करून आज्ञावलीत घातले की संगणक जे मागतो ते जवळपास मिळू लागते. माझ्या मते सगळ्या मोजणीत कष्टाच्या मानाने सर्वाधिक फळ देणारी पायरी हीच आहे, आणि वेळापत्रक आखडले की सर्वांत आधी गाळली जाते तीही हीच.

कायम चुंबकत्व जास्त निघाले तर उपग्रहाला मोठ्या वेटोळ्यात ठेवून, हळूहळू क्षीण होत जाणारे प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणारे, क्षेत्र देऊन ते पुष्कळसे घालवता येते. मऊ लोखंडावर या उपायाचा काही परिणाम होत नाही. ते काढून टाकणे, त्याची जागा बदलणे किंवा त्याचा हिशेब ठेवणे हेच पर्याय राहतात. दंडगोल घटांऐवजी अॅल्युमिनियमयुक्त पातळ पिशवीतले चपटे घट वापरणे हा एक मार्ग आहे, मात्र ते निर्वातात फुगण्याची भीती असल्याने त्यांना दाबून धरणारी बैठक लागते. एक अडचण टाळताना दुसरी पत्करावी लागते.

कक्षेतून उलटा हिशेब

उपग्रह वर गेल्यावरही मोजणी संपत नाही. जायरो या फिरकी मोजणाऱ्या संवेदकाने दिलेला वेग आणि मॅग्नेटोमीटरने दिलेले क्षेत्र यांची एकत्र नोंद असेल, तर वेग कसा बदलला यावरून टॉर्क आणि टॉर्कवरून परिबल काढता येते. एका क्षणी फक्त क्षेत्राला काटकोनात असलेला घटकच दिसतो, कारण क्षेत्राच्या दिशेतला घटक टॉर्क देत नाही. ध्रुवीय कक्षेत क्षेत्राची दिशा सतत बदलत असल्याने अर्ध्या फेऱ्याच्या नोंदींतून तिन्ही घटक हाती येतात. मोठी मेख अशी, की उपग्रहातला मॅग्नेटोमीटरही त्याच लोखंडाच्या शेजारी बसलेला असतो आणि त्याची वाचनेही त्याने बिघडवलेली असतात. म्हणून आधी त्या त्या ठिकाणच्या क्षेत्राचे एकूण मान आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ प्रतिमानाशी ताडून मॅग्नेटोमीटर सुधारून घ्यावा लागतो. एस्टक्यूब-1 च्या गटाला संवेदकांची अशी पुनर्मोजणी कक्षेत करावी लागली आणि अभिमुखतेचे, म्हणजे उपग्रहाचे तोंड कोणीकडे आहे याचे, निर्धारण त्यातून उपयोगी पडण्याइतके नेमके झाले. फिरकीच्या प्रयोगांचे निकालही त्यांनी लोहचुंबकीय पदार्थांच्या अडचणीसह सविस्तर प्रसिद्ध केले. हे प्रकरण आज अभ्यासता येते याचे श्रेय त्या मोकळेपणाला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याच्या उलट बाजूचे उदाहरण जवळ सापडेल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा साधारण एक किलोचा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 या उड्डाणातून कक्षेत गेला. त्याची अभिमुखता निष्क्रिय चुंबकीय पद्धतीने राखायची होती. या पद्धतीत कायम चुंबक उपग्रहाला क्षेत्राच्या दिशेने धरून ठेवतो आणि मऊ लोहचुंबकीय पट्ट्या हिस्टेरिसिसमधून ऊर्जा खर्च करून त्याचे झुलणे शमवतात. एस्टक्यूब-1 ला जे नको होते ते येथे हवेच असते. तरीही मोजणीतून सुटका नाही, कारण उरलेल्या उपग्रहाचे चुंबकत्व मुख्य चुंबकाच्या मानाने क्षुल्लक आहे याची खात्री करावी लागते, आणि पट्ट्या चुंबकाला नीट काटकोनात नसल्या तर त्याच्याच क्षेत्राने त्या भारून जातात व शमनाचे काम सोडून देतात. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी35 मधून गेलेल्या मुंबईच्या आयआयटीच्या ‘प्रथम’ या सुमारे दहा किलोच्या उपग्रहात मात्र वेटोळ्यांचे सक्रिय नियंत्रण होते, आणि त्याला वर सांगितलेला नऊ आकड्यांचा प्रश्न जसाच्या तसा लागू होतो.

तारेच्या प्रयोगाची पुढची कहाणी थोडक्यात अशी आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाचा आल्टो-1 हा उपग्रह 23 जून 2017 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी38 मधून गेला. त्यातही याच तत्त्वावर चालणारा प्लाझ्मा ब्रेक, म्हणजे भारित तारेने उपग्रहाचा वेग कमी करणारे साधन होते. एस्टोनियाने तिप्पट आकाराचा एस्टक्यूब-2 बांधला, आणि 9 ऑक्टोबर 2023 रोजी व्हेगाच्या उड्डाणात तो वर गेला. त्या उड्डाणात दोन छोटे उपग्रह आपापल्या पेट्यांतून बाहेर पडले नाहीत. एस्टक्यूब-2 हा त्यांपैकी एक होता, त्यामुळे त्याची फिरकी आणि त्याचे चुंबकत्व यांची कक्षेत परीक्षा झालीच नाही.